विधानसभा नसलेल्या प्रदेशातील घरे

सिल्वासा शहरातून खानवेलकडे जाणारा रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा आहे. एवढ्याशा अंतरात निवाऱ्याचे दोन अगदी निराळे प्रश्न दृष्टीस पडतात. शहराच्या कडेला, आमली, मसाट, सामरवरणी या बाजूंना, कारखाने आहेत आणि कारखान्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. एका खोलीत चारपाच कामगार राहतात. कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्या म्हणजे एका अंथरुणावर दोघांचे भागते. खानवेल ओलांडून मांदोणी-सिंदोणीच्या बाजूला गेले की डोंगर लागतात आणि वारली, कोकणा कुटुंबांची विखुरलेली घरे दिसू लागतात. काही ठिकाणी सरकारी घरकुलाच्या पक्क्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. काही ठिकाणी अद्याप कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीच आहेत आणि मिरग जवळ आला की घरधन्याची नजर आधी छपराकडे जाते.

ही घरे केव्हा पक्की होणार, त्यासाठी मंजूर झालेला पैसा कोठे गेला आणि यादीत नाव नसलेल्यांनी कोणाकडे जावे, हे प्रश्न देशात सर्वत्र विचारले जातात. सिल्वासातील विशेष एवढाच की, ते विचारावयाचे कोणी हेच तेथे सहजासहजी सांगता येत नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील तलासरी तालुक्यात राहणाऱ्या वारली कुटुंबाला आपला आमदार आहे. तो विधानसभेत प्रश्न विचारू शकतो. तेथे आदिवासींसाठी केंद्राच्या योजनेखेरीज राज्याची शबरी घरकुल योजना आहे आणि विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समितीही आहे. दादरा व नगर हवेलीतील त्याच भाषेच्या, त्याच जमातीच्या कुटुंबाला यांपैकी काहीही नाही. कारण त्या प्रदेशाला विधानसभाच नाही.

असे का झाले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायत या स्थानिक संस्थेने तेथील कारभार चालविला. १९६१ मध्ये के. जी. बदलाणी या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले, त्यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन प्रदेश एकत्र करण्यात आले व राजधानी दमण येथे गेली. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. या प्रदेशाचे कायदे संसद करते किंवा घटनेच्या २४० व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती विनियम काढतात. त्याचा खर्च गृहमंत्रालयाच्या मागण्यांबरोबर संसदच मंजूर करते. लोकसभेत दादरा व नगर हवेलीचा एक सदस्य असतो. राज्यसभेत या प्रदेशाला जागा नाही.

याचा घरांशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. तो फार निकटचा आहे. लोकसभेत किंवा राज्यसभेत घरबांधणीविषयी प्रश्न विचारला की, सरकारच्या उत्तराचा आरंभ बहुधा एका ठराविक वाक्याने होतो: भूमी व वसाहत हे राज्यांचे विषय आहेत. घटनेप्रमाणे ते वाक्य खरेच आहे. केंद्र सरकार पैसा देते, नियम ठरविते. जागा देणे, यादी करणे, बांधकामावर देखरेख ठेवणे ही राज्यांची कामे होत. म्हणून संसदेतील उत्तर अपुरे वाटले तर सदस्याला विधानसभेचा दरवाजा दाखविला जातो. पण सिल्वासाच्या बाबतीत तो दरवाजा अस्तित्वात नाही. घटनेच्या २४६ व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाने केंद्रशासित प्रदेशासाठी राज्यसूचीतील विषयांवरही कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. जमीन केंद्राच्या प्रशासनाकडे, घरकुलाचा संपूर्ण पैसा केंद्राचा आणि प्रशासकही केंद्राने नेमलेला. तेव्हा येथे संसद ही दूरवरून पाहणारी संस्था नव्हे. विधानसभेचे सारे कर्तव्यही तिच्याच शिरावर आहे.

हे कर्तव्य पार पाडण्याची साधने संसदेपाशी आहेत. तारांकित आणि अतारांकित प्रश्न आहेत. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे झाले की नाही हे पाहणारी आश्वासन समिती १९५३ पासून आहे. लोकलेखा समिती आहे. १९९३ पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या अनुदानाच्या मागण्यांची छाननी करीत आल्या आहेत. पण ही साधने राज्यांना डोळ्यांसमोर ठेवून घडविलेली आहेत. केंद्रशासित प्रदेशाचा खर्च गृहखात्याच्या समितीपुढे जातो, ग्रामीण घरकुल ग्रामविकास खात्याच्या समितीपुढे आणि शहरी घरकुल गृहनिर्माण व नागरी व्यवहार खात्याच्या समितीपुढे. तिन्ही समित्या आपापले काम करतात; मात्र सिल्वासा हा प्रदेश अखंड असा कोणा एकीपुढे येत नाही. शिवाय अंदाजपत्रकाच्या अखेरीस वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात. अशा वेळी लहान प्रदेशाच्या खर्चाची वाच्यता सभागृहात होतच नाही.

घरांचा अनुशेष म्हणजे काय, हेही येथे पाहिले पाहिजे. २०१२ ते २०१७ या योजनाकाळासाठी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटांनी देशातील शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख आणि ग्रामीण घरांची सुमारे ४ कोटी ३७ लाख धरली होती. २०१५ मध्ये शहरांसाठी व २०१६ मध्ये खेड्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. २०२२ पर्यंत सर्वांना घर हे तिचे ध्येय होते. पुढे मुदत वाढवावी लागली आणि २०२४ मध्ये ग्रामीण भागासाठी आणखी दोन कोटी घरांचे लक्ष्य ठरले. सपाट प्रदेशातील ग्रामीण घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य २०१६ मध्ये ठरले होते. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यांचे भाव पुढे वाढत गेले. ग्रामविकास समितीने रक्कम वाढविण्याची शिफारस केली. तरीही २०२४ मध्ये मुदतवाढ देताना तीच रक्कम कायम ठेवण्यात आली. बांधकाम जोत्यापर्यंत येऊन अडकते, त्याचे एक कारण या हिशेबात आहे.

पण अनुशेषाचा कठीण भाग याहून निराळा आहे. सरकार ज्यांना घर द्यावयाचे राहिले असे म्हणते, ते यादीतले असतात. यादीच्या बाहेर जे राहिले, ते अनुशेषातही धरले जात नाहीत. ग्रामीण योजनेची यादी प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून तयार झाली व ग्रामसभेने ती तपासली. पुढे २०१८-१९ मध्ये सुटलेल्यांची पुन्हा पाहणी झाली. या यादीतून नाव वगळण्याची काही कारणे ठरविलेली होती. घरात मोटरसायकल असली तर कुटुंब अपात्र ठरे. आता खानवेलच्या आसपासच्या पाड्यावरील तरुणाला सिल्वासाच्या कारखान्यात कामाला जावयाचे, रात्रपाळी सुटल्यावर परतीची बस नाही, म्हणून त्याने हप्त्याने मोटरसायकल घेतली, असे समजू. कागदाच्या दृष्टीने त्याचे कुटुंब सुस्थितीत आले. घराचे कूड मात्र होते तसेच राहिले. हा निकष २०२४ मध्ये काढून टाकण्यात आला. पण आठ वर्षे तो लागू होता.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. नगर हवेलीचा सुमारे चाळीस टक्के भाग जंगलाचा आहे. मधुबन धरणाच्या पाण्याखाली काही गावांच्या जमिनी गेल्या. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहत आलेल्या कुटुंबापाशी त्या जागेचा कागद असतोच असे नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने अशा वस्तीला मान्यता देण्याचा मार्ग खुला केला. परंतु दावा मंजूर होऊन हातात पट्टा पडेपर्यंत घरकुलाचा पहिला हप्ता मिळणे दुरापास्त होते. योजनेच्या नियमांत भूमिहीनाला प्राधान्य आहे आणि त्याला जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. ज्या प्रदेशाला राज्य नाही, तेथे ही जबाबदारी थेट केंद्राची ठरते.

आणि मग चाळीतील कामगार. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० वरून ३,४३,७०९ वर गेली. त्याच सुमारास दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ८१२ वरून ७७४ पर्यंत खाली आली. या दोन आकड्यांचा अर्थ सरळ आहे. कामासाठी पुरुष आले, कुटुंबे गावी राहिली. २०११ च्या जनगणनेने मसाट, सामरवरणी, राखोली, नरोली, दादरा यांना शहरे म्हटले. कारभार मात्र ग्रामपंचायतींचाच होता. बाहेरून आलेल्या कामगाराच्या कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर असले की मालकीच्या घरासाठी तो पात्र ठरत नाही, आणि ते योग्यही आहे. त्याला हवी असते ती माफक भाड्याची, हवा-उजेडाची खोली. स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना केंद्राने २०२० मध्ये आखली. औद्योगिक कामगारांच्या घरांची पहिली केंद्रीय योजना १९५२ मधील होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे ते कळते.

२०२१ मध्ये व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. एकत्रीकरणानंतर संसदेतील उत्तरांच्या तक्त्यांत दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचा एकच आकडा छापला जाऊ लागला. दमणचा किनारा आणि खानवेलचा डोंगर यांची सरासरी काढून कोणत्याही पाड्याची स्थिती समजत नाही. इंदिरा आवास योजनेच्या २००८ ते २०१३ या काळाचे परीक्षण करून नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात अनेक ठिकाणी घरटंचाईची मोजणीच झालेली नव्हती असे दाखवून दिले होते. जे मोजलेच नाही त्याचा जाब संसद कशाच्या आधारे मागणार?

यावर उपाय योजण्यासाठी नवी घटनादुरुस्ती करण्याचे कारण नाही. प्रश्नाच्या उत्तरात जिल्हावार आणि पंचायतवार तीन आकडे मागता येतील: घराची गरज असलेली कुटुंबे किती, त्यांपैकी यादीत किती आणि घर पुरे झाले ते किती. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर हाच खरा अनुशेष होय. विधानसभा नसलेल्या प्रदेशांसाठी तिन्ही समित्यांना वर्षातून एकदा एकत्र बसून आढावा घेता येईल. समित्या अभ्यासदौरे काढतात. त्यांतील एखादा सिल्वासाच्या अतिथिगृहापाशी न थांबता सिंदोणीपर्यंत जाऊ शकेल. समितीच्या शिफारशींचे काय झाले याचे निवेदन मंत्र्यांनी सहा महिन्यांतून एकदा सभागृहात करावे, असा निर्देश २००४ पासून आहे. त्या निवेदनात केंद्रशासित प्रदेशांना स्वतंत्र परिच्छेद देता येईल.

लोकसभेची विनंती-अर्ज समितीही आहे. नागरिकाला सदस्यामार्फत सभागृहापुढे अर्ज ठेवता येतो. अर्ज मराठीत किंवा गुजरातीत असला तर सोबत हिंदी वा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. वारली शेतकऱ्याला हे एकट्याने जमणार नाही. पण पंचायतीचा सुशिक्षित सदस्य, गावचा शिक्षक किंवा वकील यांना ते अशक्य नाही. अशा अर्जांची प्रथा पडली तर दिल्लीतील समितीच्या मेजावर तक्त्याबरोबर एखाद्या पाड्याचे नावही येईल.

ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हा मंडपात बसलेला प्रत्येक जण आपले नाव येते की काय म्हणून कान देऊन ऐकतो. यादी संपते, लोक उठतात, आणि ज्याचे नाव आले नाही तो ग्रामसेवकाला विचारतो, आता पुढे काय? तलासरीतल्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर जवळच्या आमदाराकडून मागता येते. सिल्वासातल्या माणसाने विचारलेल्या त्याच प्रश्नाला उत्तर देण्याचे दायित्व घटनेने संसदेवर टाकले आहे. संसदेने ते आपले मानले, तरच कुडाच्या घरातील माणसाचा तो प्रश्न ग्रामसभेच्या मंडपापलीकडे पोहोचेल.