शिट्टी कोणाच्या हाती?

(वरळी कोळीवाड्यातील एका क्रीडा मंडळाच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गोल्फादेवीच्या या वस्तीत बोलायला उभे राहताना प्रथम तिला वंदन करतो. पारितोषिके देऊन झाली, टाळ्या वाजल्या, छायाचित्रेही निघाली. आता जरा वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुमती मागतो. आज आपण खेळणाऱ्या मुलींचा सत्कार केला. मला बोलायचे आहे ते त्यांना खेळायला शिकवणाऱ्या बाईविषयी.

२४ ऑगस्ट २०१८ ही तारीख मला पक्की आठवते. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होत्या आणि मी वृत्तपत्राच्या कार्यालयात क्रीडा पानाचे काम पाहत होतो. महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ इराणशी होती. २०१० साली ग्वांगझू येथे महिला कबड्डीचा या स्पर्धेत प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्ण आपले होते. २०१४ साली इंचॉन येथेही आपलेच. त्यामुळे निकालाची बातमी जणू आधीच लिहून ठेवलेली होती. मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता. पण शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर २७-२४ असे आकडे होते आणि इराणच्या मुली मैदानात आनंदाने रडत होत्या. त्यांच्या घोळक्यात एक मराठी बाई उभी होती. नाशिकच्या शैलजा जैन. इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षिका.

आता मथळा काय द्यायचा? ‘भारताचे सुवर्ण हुकले’ की ‘नाशिकच्या प्रशिक्षिकेचा पराक्रम’? कार्यालयात दोन तट पडले. एक ज्येष्ठ सहकारी तावातावाने म्हणाला, “आपल्याच बाईने आपल्याला हरवले!” त्याच्या बोलण्यात राग होता तसे दुःखही होते. देशावर प्रेम करणाऱ्या कोणाच्याही मनात त्या क्षणी तेच आले असणार. माझ्याही मनात आले, हे मी लपवत नाही.

परंतु, बंधू-भगिनींनो, रागाचा भर ओसरला की विचार करावा लागतो. शैलजाताई स्वतः कबड्डीच्या खेळाडू. पुढे नाशिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे मुली घडवल्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर इराणकडून विचारणा झाली आणि त्या गेल्या. परका देश, परकी भाषा. स्वतः शाकाहारी असलेल्या या बाईने तिथल्या खेळाडूंशी बोलता यावे म्हणून फारसी शिकून घेतली. मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला, कारण ज्या खेळात दम हाच प्राण, तिथे श्वासावर ताबा हवा. सुमारे दीड वर्षात त्यांनी अजिंक्य मानल्या गेलेल्या संघाला नमवणारा संघ उभा केला. भारतीय संघाची जबाबदारी आपल्याकडे आली नाही याची खंत होती आणि प्रशिक्षक म्हणून स्वतःला सिद्ध करायचे होते, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले.

यात द्रोह कोठे आला? शिष्य परका म्हणून विद्या हातचे राखून द्यायची, ही आपल्या गुरुपरंपरेची शिकवण नव्हे. जे द्यायचे ते पूर्ण द्यायचे, हा गुरूचा धर्म. शैलजाताईंनी तो पाळला. प्रश्न त्यांना नाही, आपल्याला विचारायचा आहे. ही विद्या आपल्या अंगणात असताना तिला बसायला पाट कोणी मांडला?

याच संदर्भात दुसरा एक माणूस आठवतो. त्याचा जन्म आपल्या या मुंबईतलाच, १९५१ सालचा. नाव अँसन डोरन्स. वडील तेल कंपनीत अधिकारी. त्यामुळे बालपण देशोदेशी गेले. पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो फुटबॉल खेळला आणि १९७९ साली त्याच विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ पर्यंत, म्हणजे तब्बल ४५ वर्षे, त्याने ते काम केले. अमेरिकन महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेची २१ विजेतेपदे त्याच्या संघांनी मिळवली. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक झाला. त्याच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरवून तो जिंकला.

हे एका माणसाच्या हुशारीने झाले असे समजू नका. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा आणि मुलगी असा भेद करता येणार नाही. खेळही त्यात आला. मग विद्यापीठांना मुलींचे संघ काढावे लागले, मैदाने द्यावी लागली, पगारी प्रशिक्षक नेमावे लागले. जागा निर्माण झाली म्हणून माणूस टिकला, आणि माणूस टिकला म्हणून खेळ वाढला.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण समोर आईवडील बसले आहेत. १९९८ साली याच प्रशिक्षकावर त्याच्या दोन माजी खेळाडूंनी अनुचित बोलण्यावरून दावा लावला. तो वाद २००८ पर्यंत चालला, अखेर समझोता झाला आणि त्याला माफी मागावी लागली. ज्याच्या हाती शिट्टी असते त्याच्या हाती सत्ताही असते. म्हणून मुलगी सरावाला जाते तेव्हा आईच्या मनात जी धास्ती असते, तिला मागासलेपणा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तिचे उत्तर मुलीला घरी बसवणे हे मात्र नव्हे. मैदान उघडे असावे, कोणत्याही पालकाने केव्हाही येऊन बसावे, आणि सरावाच्या वेळी एक जाणती बाई तिथे असावी, हे ते उत्तर आहे.

ती जाणती बाई आणायची कोठून? दूर जायला नको. लालबाग, परळ, वरळीच्या गल्ल्यांमधून मी कबड्डीचे असंख्य सामने पाहिले. कोपऱ्यातून झेपावून पट काढणाऱ्या, एका चढाईत सामना फिरवणाऱ्या मुली पाहिल्या. महाविद्यालय संपले, लग्न झाले, की त्या मैदानावरून दिसेनाशा होतात. ज्यांना रेल्वेत, पोलिसांत वा बँकेत नोकरी लागली, त्या काही वर्षे टिकतात. बाकीच्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात जाते. पदक हुकले तर वृत्तपत्रात बातमी येते. ही गळती मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही दर्याची माणसे. तांडेल म्हातारा झाला म्हणून त्याला कोणी किनाऱ्यावर विसरून येत नाही. जाळे ओढण्याचे बळ गेले तरी वारा आणि भरती-ओहोटी त्यालाच कळते. तरुण खलाशी त्याच्याजवळ बसून ते शिकतो. होडीवर जो मान तांडेलाला आहे, तोच मैदानावर खेळून झालेल्या मुलीला द्या. एवढेच माझे मागणे आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सुचवतो. या वस्तीत माजी खेळाडू मुली आहेत. त्यांच्यापैकी दोघींकडे लहान मुलींचा गट सोपवा आणि त्यांना दरमहा मानधन द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली आणि वेळेवर असावी. हारतुरे आणि शाली थोड्या कमी केल्या तर तेवढे पैसे निघतात. दुसरे, पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी पदविकेबरोबर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. त्यासाठी एकीला पाठवण्याचा संकल्प करा. सासूबाईंनी आणि नवरोबांनी तेवढे दिवस घर सांभाळावे. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आईने घर चालवलेले या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. इथे हे अवघड वाटू नये.

२०२३ साली हांगझोऊ येथे आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असे नमवून ते सुवर्ण परत आणले. अवघ्या एका गुणाने! तेव्हा आनंद झालाच, पण जकार्ताचा धडा विसरू नये. जग आता कबड्डी शिकले आहे, आणि शिकवणारे आपल्याकडूनच गेले आहेत.

त्या रात्री आम्ही अखेर भारताच्या पराभवाचाच मथळा दिला. शैलजाताईंचे नाव खाली, बातमीच्या मजकुरात गेले. आज पुन्हा ते पान माझ्या हाती आले, तर मी त्यांचे नाव वर घेईन. देशाचा अभिमान त्याने उणावत नाही. घरातल्या गुणी माणसाला ओळखण्याची बुद्धी मात्र आपल्याला त्यातून येते.

उद्या संध्याकाळी या मुली पुन्हा सरावाला येतील. तेव्हा शिट्टी कोणाच्या हाती असेल, हे आज रात्री घरी जाण्यापूर्वी ठरवा.