युद्धकाळ, लोकोपयोगी सेवा आणि बार्शी लाइट रेल्वे

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'युद्ध आणि अर्थव्यवस्था' असा आहे. त्याचा आवाका एका व्याख्यानात मावणारा नाही, म्हणून त्यातला एक कोपराच मी निवडला आहे. ७ मे २०२५ रोजी देशात अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. भोंगे वाजले, काही शहरांत दिवे मालवले गेले. पुढचे काही दिवस वृत्तपत्रे विमाने आणि क्षेपणास्त्रे यांनी भरून गेली होती. दिवे मालवणे आणि पुन्हा लावणे हे ज्यांचे काम, नळाला पाणी आणि रुळांवर गाडी ज्यांच्यामुळे चालू राहते, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. युद्धाच्या दिवसांत एखादी कंपनी 'समाजाची सेवा करते' असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाक्यातील सेवा नेमकी कोण करतो आणि तिची किंमत कोण मोजतो, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या लातूरचेच उदाहरण पुरेसे आहे.

ज्या रुळांनी लातूरची बाजारपेठ घडविली, ते रूळ एका खाजगी कंपनीचे होते. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदविली गेली. १८९७ साली कुर्डूवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला, १९०६ साली गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. तिचा प्रवर्तक एव्हरार्ड कालथ्रॉप हा इंजिनियर काटकसरीचा मोठा पुरस्कर्ता होता. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि त्या मर्यादेत पुष्कळ माल वाहता येतो, हे त्याचे सूत्र. पंढरीचे वारकरी आणि बालाघाटावरचा कापूस, या दोहोंच्या भरवशावर लंडनचे भागधारक पैसे गुंतवून बसले होते. यात लबाडी काही नव्हती. भांडवलाचा तो स्वभावच आहे. गाडी आली आणि तिच्यामागोमाग लातूरचा गंज वाढला, हेही तितकेच खरे. त्याचे श्रेय नाकारण्याचे आपल्याला कारण नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हा कालथ्रॉप निराळ्याच कामात गुंतला होता. विमानातून उडी मारणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून त्याने 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी ती आपल्या वैमानिकांच्या हाती देण्याचे टाळले. ज्याच्या जिवावर युद्ध चालते त्याच्या जिवाचा हिशेब वरच्या कचेरीत कसा होतो, हे त्यातून दिसते.

त्या युद्धाने हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांची जी दशा केली, तिचा अभ्यास अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करायला हवा. इंग्लंडमधून सुटे भाग येईनात, रूळ आणि डबे युद्धआघाडीकडे गेले आणि उरलेल्या सामग्रीवर भार मात्र वाढतच गेला. परिणामी १९२० साली अ‍ॅकवर्थ समिती नेमावी लागली. लंडनमध्ये बसून चालविल्या जाणाऱ्या कंपन्यांकडून रेल्वेचा कारभार काढून सरकारने तो स्वतः चालवावा, असे या समितीच्या निम्म्या सभासदांनी, खुद्द अध्यक्षांसह, सुचविले. त्यानंतर १९२५ साली ईस्ट इंडियन आणि जी. आय. पी. या दोन बलाढ्य रेल्वेमार्गांचा कारभार सरकारकडे आला. आपली छोटी बार्शी लाइट त्यातून सुटली. लहान असणे कधी कधी फायद्याचे ठरते.

दुसऱ्या महायुद्धात तेच चित्र अधिक मोठ्या पटावर उमटले. इंजिने, डबे आणि रूळ पश्चिम आशियाच्या आघाडीवर पाठविण्यात आले, काही शाखामार्ग तर उखडून काढण्यात आले. पेट्रोल नियंत्रणाखाली आल्याने मोटारींची वाहतूकही रेल्वेकडे वळली. येथे थोडे हिशेबाच्या वहीकडे वळू या, कारण माझ्या मते विषयाचे मर्म तेथे आहे. गाडी खच्चून भरून धावते तेव्हा उत्पन्न वाढते. रूळ, स्लीपर आणि बॉयलर बदलण्यासाठी लागणारा माल बाजारात नसतो, म्हणून तो खर्च पुढे ढकलला जातो. वहीत नफा फुगलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या नफ्याचा एक भाग म्हणजे झिजलेले लोखंडच असते, पैशाच्या रूपाने मोजलेले. घसाऱ्याची पुरेशी तरतूद न करता हा नफा वाटून टाकला, तर भागधारक वस्तुतः मूळ भांडवलच खाऊन टाकतो, आणि उरलेली झिजकी मालमत्ता पुढे जनतेने विकत घ्यायची असते. सरकारी रेल्वेही या दोषातून मुक्त नव्हती. युद्धकाळातील तिच्या मोठ्या शिलकीतून दिल्लीच्या सर्वसाधारण तिजोरीत भर पडत राहिली, आणि युद्ध संपल्यावर नूतनीकरणाची प्रचंड थकबाकी स्वतंत्र भारताच्या पदरात आली.

लोखंडाच्या झिजेची नोंद निदान उशिरा तरी होते. माणसाच्या झिजेची होत नाही. महागाई भडकलेली, कामाचे तास वाढलेले, आणि तक्रार करण्याची सोय नाही. १९४१ साली अत्यावश्यक सेवांविषयीचा वटहुकूम निघाला. १९४२ च्या प्रारंभी भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला गेला आणि त्यान्वये संपावर बंदी घालण्याचा, तंटा सक्तीने लवादाकडे सोपविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कामगाराने काम सोडू नये म्हणून कायदा तत्परतेने झाला. भागधारकाने युद्धकाळात लाभांश घेऊ नये, असा कायदा झाला नाही.

आता आपल्या मराठवाड्याच्या युद्धाकडे येतो. १९४७-४८ साली बार्शी लाइटचा लातूर फाटा दोन सत्तांच्या मधून जात होता. बार्शी आणि पांगरी भारतात. येडशी, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या राज्यात. एकाच गाडीच्या उतारूला एका टोकाला कलदार रुपया चालवावा लागे, दुसऱ्या टोकाला हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली. मधे करोडगिरीचा नाका. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच लातूर शहरात वकिली करीत होता, हे येथे सांगण्याची गरज नाही. त्याच्या दहशतीमुळे अनेक कुटुंबांनी बार्शी-सोलापूरचा रस्ता धरला. १९४८ साली भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली तेव्हा मीठ, रॉकेल, औषधे यांच्या टंचाईचा पहिला चटका सामीलीकरणासाठी लढणाऱ्या गरिबांच्याच घराला बसला. रेल्वे ही त्या दिवसांत निव्वळ सोय राहिली नव्हती. ती ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती गावाचे मीठ-मिरची होते. (पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद-नांदेडकडच्या मुस्लिम वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पण त्याचा उल्लेख टाळून या काळाविषयी बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.)

नांदेडची स्थिती वेगळी होती, आणि ती आपल्यासारख्या समाजवाद्यांना अडचणीत टाकणारी आहे. नांदेडवरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग कंपनीकडून १९३० सालीच निजाम सरकारने विकत घेतला होता. १९३२ साली त्याच रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी मोटारबससेवा सुरू केली. सरकारी मालकीच्या बससेवेचा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयोग. पुस्तकी व्याख्येप्रमाणे हे राष्ट्रीयीकरणच झाले. परंतु ज्या राज्यात जबाबदार विधिमंडळ नाही, वृत्तपत्राला मोकळीक नाही, तेथे सरकारची मालकी म्हणजे एका घराण्याची मालकी. १९४८ साली नांदेडच्या माणसाला स्वतःच्या गावचे स्टेशन आपले वाटत होते, असे कोण म्हणेल? लंडनची कंपनी आणि हैदराबादचे तख्त यांपैकी कोणाची मालकी बरी, या वादात मला रस नाही. दोन्हीकडे उतारू आणि कामगार हिशेबाबाहेरच होते. मालकी बदलली की काम संपले असे समजणाऱ्या आपल्यातील काही मित्रांनी नांदेडचा हा धडा विसरू नये.

मुंबईचा दाखला यासाठीच महत्त्वाचा आहे. तेथील ट्राम आणि वीजपुरवठा बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या कंपनीकडे होता. युद्धकाळात तिच्या गाड्यांवर पेट्रोलटंचाईचा आणि गर्दीचा जो ताण पडला, तो आपल्या रेल्वेवरील ताणाच्याच जातीचा. ती कंपनी मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ताब्यात घेतली. स्वातंत्र्याला आठवडा असताना हे घडले, म्हणून अनेकांना तो स्वातंत्र्याचा प्रसाद वाटतो. खरे कारण कागदात आहे. मूळ करार ७ ऑगस्ट १९०५ चा होता आणि बेचाळीस वर्षांनी उपक्रम विकत घेण्याचा हक्क महापालिकेने त्या वेळीच राखून ठेवला होता. पारतंत्र्यातील, मर्यादित मतदारांनी निवडलेल्या महापालिकेने एवढी दूरदृष्टी दाखविली, हे आजच्या नगरसेवकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. लातूरला तेवढी वाट पाहूनही निवडून आलेल्या कोणत्या स्थानिक संस्थेचा हक्क मिळाला नाही. बार्शी लाइट भारत सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली.

युद्ध संपले, पण युद्धकाळात घडविलेली हत्यारे म्यानात गेली नाहीत. ८१-अ या नियमातील कल्पना १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात स्थिरावल्या. रेल्वे, वीज, पाणी, टपाल यांना 'लोकोपयोगी सेवा' हे नाव मिळाले आणि तेथील संपाला चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आली. त्या अटीत काही तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. रुग्णालयाचे दिवे न सांगता बंद करता येत नाहीत. पण पुढचे पाहा. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी युद्ध पंधरवड्यात संपूनही १९७७ पर्यंत उठलीच नाही. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, ८ ते २७ मे असा तो चालला, आणि तो चिरडण्यासाठी भारत संरक्षण नियम आणि मिसा वापरले गेले. शत्रूसाठी केलेले नियम फायरमन आणि गँगमनवर चालले. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तर ही पूर्वसूचनेची अट लोकोपयोगी सेवांपुरतीही ठेवलेली नाही. ती आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. ही संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. युद्धकाळातला अपवाद शांततेचा नियम कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता २०१६ साल आठवा. ते युद्ध नव्हते, तरी लातूर शहराने वेढ्याचा अनुभव घेतला. मांजरा धरण कोरडे पडले आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूर स्थानकात आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. तिचा मार्ग कोणता? मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी, लातूर. कालथ्रॉपचीच ती वाट, थोड्या फेरफाराने रुंद केलेली. २००० नंतरच्या दशकात सार्वजनिक पैशातून तिचे रुंदीकरण झाले नसते, तर ती गाडी मिरजेतून निघालीच नसती. अडीच फुटांची वाट रुंद करण्यातून लंडनच्या कोणत्या भागधारकाला किती टक्के सुटले असते, याचे गणित तुम्हीच मांडून पाहा. त्याच लातुरात त्यापूर्वी काही वर्षे शहराचा पाणीपुरवठा कराराने खाजगी कंपनीकडे सोपविण्याचा प्रयोग झाला होता, आणि नागरिकांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. तहानलेल्या शहरात तो करार चालू असता तर टँकरचा आणि मीटरचा भाव कोणी ठरविला असता, हा प्रश्न विरोध करणाऱ्या त्या मंडळींनी वेळीच विचारला होता.

विजेच्या बाबतीत हाच प्रश्न आज दारात आहे. राज्य वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले. एका खाजगी कंपनीने मुंबईलगतच्या भरघोस वसुलीच्या भागासाठी समांतर वितरण परवाना मागितला, त्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कामगार संपावर गेले. सरकारने मेस्मा लावला, पण त्याच दिवशी वाटाघाटीही केल्या. समांतर परवाना मागणाऱ्यांची नजर देगलूर किंवा अहमदपूरकडे वळलेली मी पाहिली नाही. नफ्याचा भाग निघून गेला की शेतीपंपांची आणि वाड्या-तांड्यांची वीज कोणाच्या वर्गणीतून चालणार, याचे उत्तर परवान्याच्या अर्जात नसते. युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर आणि वाहिन्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा दुरुस्तीला गेलेल्या तंत्रज्ञांनी जीव धोक्यात घालून गावे उजळत ठेवली. उद्या आपल्यावर तशी वेळ आली तर खांबावर चढणारा माणूस कायम नोकरीतला, प्रशिक्षित, विम्याचे संरक्षण असलेला असेल, की ठेकेदाराने अकरा महिन्यांसाठी घेतलेला असेल, हे आजच्या करारांत ठरते आहे.

म्हणून माझी सूचना अगदी रुक्ष आहे. वीज, पाणी, शहर बससेवा यांसंबंधी लातूर आणि नांदेड महापालिकांनी आणि वीज कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत केलेल्या प्रत्येक कराराची प्रत माहिती अधिकारात मागवावी. तीत चार कलमे शोधावीत: उपक्रम परत घेण्याचा हक्क कोणाचा आणि कधी, घसाऱ्याची तरतूद कोण तपासणार, आपत्तीत वाढलेले दर कोण ठरविणार, आणि कंत्राटी कामगाराच्या अपघाताची जबाबदारी कोणावर. १९०५ च्या कागदात पहिले कलम होते म्हणून १९४७ साली मुंबईला वाद घालावा लागला नाही. प्रती हाती आल्या की पुढच्या अभ्यासवर्गात आपण त्या ओळीने वाचू.