वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘घरातील यंत्रे आणि आजचे जगणे’ असा. विषय देताना ते हसून म्हणाले, ‘आज जरा हलकेफुलके बोला, मागण्यांची यादी वाचू नका.’ आम्ही ते कबूल केले. परंतु ज्याची उमर हजेरीपट तपासण्यात गेली, त्याच्यापुढे मिक्सर जरी आणून ठेवला तरी तो प्रथम हेच विचारणार की, बाबा रे, तू किती वेळ वाचवलास, आणि तो कोणाच्या खात्यात जमा केलास? आजच्या आमच्या बोलण्यात एवढा एकच प्रश्न आहे.

आरंभीच सांगून टाकतो, आम्ही यंत्राचे वैरी नाही. पंख्याखाली बसून जुन्या काळाचे गोडवे गाणारांना दोन दिवस ढेकीवर उभे करावे, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. कामठ्याच्या या धानाच्या मुलुखात पूर्वी तांदूळ ढेकीवर कांडला जाई. पहाटेच्या अंधारात पायाने ती ढेकी दाबून दाबून आयाबायांच्या कमरा मोडत. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे बहुधा पुरुष असतात. ज्या बायांनी जाते ओढले, त्यांपैकी एकीनेही आमच्याजवळ ते परत मागितलेले नाही. आणि गॅसची शेगडी तर आमच्या मते घरात आलेल्या सर्व यंत्रांतील सर्वांत सभ्य यंत्र होय. ती बोलत नाही, बोलावीत नाही, मुकाट्याने धूर तेवढा घालवते. सिलिंडर भरण्याइतके पैसे घरात नसले म्हणजे ती फळीवर बसून राहते, पण तो दोष शेगडीचा नव्हे, मजुरीचा आहे.

मग ढेकीतून आणि जात्यातून सुटलेला तो वेळ गेला कोठे? आमच्या भागात त्याचे उत्तर विडीच्या सुपात सापडते. विडीची मजुरी हजारावर मोजतात. घरी बसून काम, म्हणजे त्याला ना भोंगा ना सुट्टी. दळणकांडणातून जो तास सुटला, तो तेंदूच्या पानांनी आणि जर्द्याने भरून काढला. बाईची कंबर वाचली हे खरे, पण तिचा तास तिला मिळाला नाही. तो तिच्या हातून निसटून हजाराच्या हिशेबात गेला.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नव्हे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत गिरणीवर एक मोठा मुकादम होता, तो म्हणजे सूर्य. तो मावळला की मालकालाही यंत्र थांबवावे लागे. विजेचा दिवा आला आणि सूर्याची ती मुकादमी संपली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दिवा म्हणजे प्रकाश, म्हणजे प्रगती, असे आपण म्हणतो. गिरणीतल्या माणसाला त्या दिव्याने आधी जागरणच दिले. कामगारांनी विरोध केला, संप झाले. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये चौपन्न, आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. त्याआधी रविवारची सुट्टी मिळाली तीही अशीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून ती मागितली, आणि १८९० साली ती पदरात पडली. मधली सहा वर्षे कोणतेही यंत्र त्यांच्या मदतीला धावून आले नव्हते. तात्पर्य, यंत्र वेळ वाचवते. पण तो वाचलेला वेळ माणसाला मिळतो तो ठरावाने, कायद्याने आणि भांडणाने.

आता आपल्या खिशातल्या यंत्राकडे वळू. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाईलवरून पहिले संभाषण केले. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे माणसे जपून बोलत आणि समोरचाही जपून बोलावी. आज बोलणे जवळजवळ फुकट झाले, आणि फुकट झालेल्या वस्तूची जी गत होते तीच आपल्या वेळेची झाली. बाहेरगावी गेलेल्या लेकराचा चेहरा आईला रोज दिसतो, यासारखे सुख नाही, हे आम्ही मनापासून मानतो. परंतु हाच फोन कामाच्या माणसाच्या हातात पडला की तो १९०५ चा दिवा होतो. त्याला मावळणे ठाऊक नाही.

अंगणवाडी सेविकांचेच पाहा. २०१९ साली त्यांना कामासाठी सरकारी फोन मिळाले. ते तापत, अडत, बंद पडत. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या माथी येई. २०२१ मध्ये नवे पोषण ट्रॅकर आले ते इंग्रजीत, आणि माहिती भरावयाची मराठी शाळेत शिकलेल्या बाईने! अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. लोक म्हणाले, बायांना नवे शिकावयास नको. आम्ही म्हणतो, त्यांनी हिशेब बरोबर केला. कचेरीचा वेळ वाचत होता, तो त्यांच्या रात्रीतून कापून घेतलेला होता.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून लावण्याची सक्ती झाली. लबाडी थांबावी हा हेतू चांगलाच. खोट्या हजेरीपटांची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु जंगलकाठच्या तळ्यावर रेंज मिळाली नाही, तर खणलेली माती खरी की न गेलेले छायाचित्र खरे?

आणि अंगठ्याची गोष्ट तर याहून विलक्षण. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. पुढे अंगठा हीच माणसाची ओळख ठरली. पण वर्षानुवर्षे पान वळून वळून विडीवाल्या बाईच्या बोटांच्या रेघा झिजतात. यंत्र तिला म्हणते, पुन्हा लाव. ती बोट पदराला पुसते, पुन्हा लावते. ज्या कामाने तिची ओळख झाली त्याच कामाने ती पुसली. खिडकीवरच्या माणसाची दोन मिनिटे वाचली, आणि तिचा रोज बुडाला. जमाखर्च मांडावयाचा तो असा, दोन्ही बाजूंचा.

आता थोडे स्वतःच्या पदरातले दाखवतो, नाही तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. आमच्या युनियनचाही मोबाईलवर एक गट आहे. सभेची वेळ, मोर्चाची जागा, कोणाला औषधाची गरज, सारे त्यावर आम्ही धाडीत असू; रात्री दहाला, अकराला, सुचेल तेव्हा. पूर्वी निरोप द्यावयाचा तर सायकलवर दहा घरे फिरावी लागत, आता एका बोटात काम होते, याचा आम्हांस मोठा अभिमान होता. एके दिवशी सभेत एक वयस्कर विडी कामगार बाई उठून म्हणाली, ‘का जी भाऊ, मिलचा भोंगा तरी रातच्याला मुका राहते. तुमचा काही मुका होत नाही.’ सभा हसली, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही. आठ तासांचे भाषण करणारा माणूस रात्री अकराला हुकूम सोडीत होता. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर आम्ही त्या गटावर एक अक्षर लिहीत नाही. कोणी आजारी असेल तर फोन करतो, नाही तर सकाळी लिहितो. आजवर एकही मोर्चा त्यावाचून अडलेला नाही.

जगात या प्रश्नाची जाणीव झालेली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाबाहेरच्या वेळी फोन-निरोपांपासून मोकळे राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी बोलणी करणे भाग पडले. आपल्या लोकसभेतही २०१८ च्या डिसेंबरात सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खाजगी विधेयक मांडले होते. पण कायदा वरून येईल तेव्हा येईल; रविवारही आधी खाली मागितला गेला, मग वरून मिळाला.

तेव्हा आमचे मागणे लहान आहे. येथे दुकानदार आहेत, त्यांनी नोकराला दुकान बंद झाल्यावर निरोप धाडू नये. गुरुजी आहेत, त्यांनी रात्री गृहपाठ धाडू नये. घरधनी आहेत, त्यांनी मिक्सरने वाचवलेली पंधरा मिनिटे बायकोला द्यावीत, आणखी एक भाजी मागून ती वसूल करू नयेत. आणि नवे यंत्र घरात किंवा कचेरीत येईल तेव्हा त्याची किंमत विचारतो तसेच हेही विचारावे की, वाचणारा वेळ कोणाचा?

चालकांनी आम्हांस दिलेली वेळ संपत आली आहे, आणि एवढे सगळे सांगून तुमची पाच मिनिटे जास्त घेणे आम्हांस शोभणार नाही.