थप्पीतला एक तुकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माईकसमोर उभे राहायची ही पहिलीच वेळ. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "रोज जे करता त्यावर बोला." रोज मी करते काय, तर स्वयंपाक आणि शिवण. स्वयंपाकातले तुम्हाला माझ्याहून जास्त कळते, म्हणून शिवणावर बोलते. त्यातही शिवण्यावर नव्हे, तर शिवण्याआधी तुकडा उचलण्यावर. हसू नका, पुढचे ऐका.

गेल्या पावसाळ्यात मी एका व्यापाऱ्याकडून शाळेच्या सदऱ्यांचे कटिंग घरी शिवायला आणले होते. कापड टेरिकॉटचे. बरेच थर एकावर एक पसरून ते मशीनच्या सुरीने एकदम कापतात. सुरी तापते आणि असल्या कापडाच्या कडा वितळून एकमेकींना चिकटतात. त्यात आपल्या घोटीचा पाऊस! डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे कापडाचे काय? खिशाचे दोन तुकडे एकाला एक चिकटलेले माझ्या ध्यानात आले नाहीत. मी ते एकच समजून शिवले. तिथून पुढे प्रत्येक सदऱ्याला पुढच्या नंबरचा खिसा लागत गेला.

थप्पीत निरनिराळ्या ताग्यांचे कापड असते, रंगात उन्नीस-बीस फरक असतो. म्हणून तर तुकड्यांवर नंबर घालतात. मी घाईत नंबर पाहिले नाहीत, ही चूक माझीच. पण शेवटी एक खिसा कमी पडला, काही सदरे उसवावे लागले आणि मजुरी कापली गेली. मी म्हटले, "दादा, कडा तर तुमच्याकडेच चिकटल्या होत्या." तर म्हणाले, "बाई, मी शिलाईचे पैसे देतो, तुकडे सोडवायचे नाही देत."

हे वाक्य माझ्या मनात राहून गेले.

दिवाळीत माझा भाचा आला. तो मुंबईकडे तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीला आहे. त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मावशी, तू जे फुकट करतेस ना, त्याच्यासाठी जगात यंत्रे शोधताहेत." मग त्याने मोबाइलवर एकेक दाखवले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. कातणे-विणणे तेव्हापासून यंत्रावर गेले. शिवायला मात्र अजून माणूस लागतो, कारण सूत ताणून धरता येते, पत्रा उचलला तरी ताठ राहतो. पण कापडाचा तुकडा कोपऱ्याने उचलला की लोंबतो, दुमडतो. आणि थप्पीतून एकच उचलायचा म्हणजे यंत्राची परीक्षाच. हवा ओढून उचलायला जावे, तर ती सुती कापडाच्या छिद्रांतून आरपार जाते आणि खालचा तुकडाही वर येतो. काही यंत्रांत बारीक सुया असतात. त्या तिरप्या, एकमेकींच्या उलट दिशेने, वरच्याच थरात जराशा टोचतात आणि तो उचलतात. जाड कापडाला हे बरे, पण मलमलीला भोके पडतील. चिकटपट्टीने उचलावे, तर तिच्यावर कापसाची लव बसते आणि चिकटपणा जातो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तशी विजेच्या ओढीने उचलणारी यंत्रेही आहेत. कुठे वाफ गोठवून तुकडा तात्पुरता चिकटवतात, आणि सोडताना बर्फ वितळवतात. एका तुकड्यासाठी बर्फ!

मला सर्वांत गंमत वाटली ती अमेरिकेतल्या जोनाथन झोर्नो या गृहस्थाची. त्याने कापडाला पाण्यात विरघळणारे द्रव्य लावून ते पुठ्ठ्यासारखे ताठ केले, यंत्राच्या हाताकडून टी-शर्ट शिवून घेतला आणि मग गरम पाण्यात धुऊन ते द्रव्य काढून टाकले. ही गोष्ट २०१६ सालची. म्हणजे कांजीच की! आपल्या आज्या कांजी घालत होत्या, तेव्हा त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हटले नाही.

जपान सरकारने तर १९८० नंतरच्या दशकात आपोआप शिवणाऱ्या कारखान्यासाठी मोठा प्रकल्प हाती घेतला होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही २०१२ साली अटलांटाच्या एका कंपनीला याच कामासाठी साडेबारा लाख डॉलरच्या घरात पैसे दिले.

भगिनींनो, यंत्र येणारच नाही, असे मी म्हणत नाही. आपल्या इथल्या गिरण्यांत तांदूळ भरतात ती प्लॅस्टिकची पोती बघा. तागा उलगडत जातो, पोते कापले जाते आणि तसेच शिवणीखाली सरकते. तिथे थप्पी नाही, म्हणून उचलायचा प्रश्नच येत नाही. टॉवेलचेही तसेच. तेव्हा सरळ कडांचे, चौकोनी काम आपल्या हातून आधी जाईल. आपल्या वर्गात मुलींना नुसते अभ्रे शिकवू नयेत, कॉलर-बाही शिकवावी, असे मला वाटते.

आणि आता जे बोलायला खरे म्हणजे मी उभी राहिले ते. आपल्या शिवणवर्गात गणवेशाचे काम येते तेव्हा मागच्या खोलीत बसून दोन वयस्कर बायका गठ्ठे सोडवतात, चिकटलेल्या कडा सुट्या करतात, नंबर जुळवून देतात. त्यांच्या हातून तुकडा चुकल्याचे मी पाहिले नाही. शिलाईचा हिशेब वहीत नगावर लिहिला जातो. त्यांच्या नावापुढे मात्र काही नाही. त्यांना आपण चहा देतो. त्या व्यापाऱ्याचे बोलणे मला लागले, पण घरी येऊन विचार केला, तर आपण तरी वेगळे काय करतो?

म्हणून माझी सूचना आहे की, वहीत आणखी एक रकाना आखावा आणि गठ्ठ्यामागे त्यांना पैसे द्यावेत. किती, ते कार्यकारिणीने ठरवावे. शिलाईच्या दरातून थोडे कमी करावे लागले, तर माझ्या दरापासून सुरुवात करा. आणि बाहेरून काम आणणाऱ्यांनी गठ्ठा व्यापाऱ्यासमोरच सोडून मोजून घ्यावा. तो कुरकुर करील, करू द्या.

हा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत घ्यावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते. त्या दोघी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना न विचारता मी हे बोलले, त्याबद्दल त्या मला घरी जाताना रागावणार आहेत.