औषधदानाला ज्ञानाची जोड

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कोंडाणे येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

पन्नास वर्षांचा हिशोब मांडताना आपण काय दिले याची यादी मोठ्या आनंदाने वाचतो. परंतु दिलेले योग्य ठिकाणी पोहोचले का, हा प्रश्नही सुवर्णमहोत्सवात विचारला जावा असे मला वाटते. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही दानाची चार रूपे आपल्याला लहानपणापासून शिकवली जातात. त्यांपैकी औषधदानाविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

मी कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि, माल पेढीवरून उतरला म्हणजे व्यवहार पुरा झाला असे मानणाऱ्याची पेढी फार काळ टिकत नाही, एवढे व्यवहाराने शिकवले आहे. कापड अंगाला बसले का, पहिल्या धुण्यात आटले का, हे विचारणाराच नाव कमावतो. औषध रुग्णाच्या हाती दिल्यानंतर असा प्रश्न कोण विचारतो? डॉक्टरांसमोर रांग असते. दुकानदारासमोर गर्दी असते. घरी मुले-सुना कामात असतात. हा प्रश्न विचारणे हेच ज्याचे काम आहे, त्या व्यक्तीला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात.

आपल्या कर्जत-खालापूर परिसरातील घराघरांतले चित्र आठवून पाहा. हृदयाचे डॉक्टर मुंबईत, हाडांचे कल्याणला, मधुमेहाचे पनवेलला आणि तापा-खोकल्याचे कर्जतला. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि सगळ्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी आले तर आजीबाई दोन्ही गोळ्या श्रद्धेने घेतात. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडावर ताण आणू शकते, हे हाडांच्या डॉक्टरांना ठाऊक असते. परंतु रुग्णाला हृदयविकाराची औषधे चालू आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. रोज आठ गोळ्या घेणारा रुग्ण वर्षाकाठी २,९२० गोळ्या गिळतो. एवढ्या मोठ्या उलाढालीची वही कोणीच लिहीत नाही, हे व्यापाऱ्याच्या मनाला पटणारे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार पाळतात. तिथली ही अवस्था असेल, तर एका तपासणीसाठी अख्खा दिवस मोडणाऱ्या आपल्या वाड्या-वस्त्यांतील रुग्णांची अवस्था वेगळी सांगायला नको.

आपल्या देशात औषधनिर्माण व्यवसायाचा कायदा १९४८ साली झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे त्यात सांगितले आहे. २००८ मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असते. पुढे २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यांत स्पष्टपणे घातले. म्हणजे ज्ञान आहे, शिक्षण आहे आणि कायद्याचे बळही आहे. उणीव आहे ती अशा माणसाला बाह्यरुग्ण विभागात एक खुर्ची-टेबल देण्याची.

त्या टेबलाशी काय घडते? रुग्णाच्या साऱ्या चिठ्ठ्या आणि गोळ्या टेबलावर काढल्या जातात. कोणती गोळी कशासाठी, दुहेरी कोणती, कोणती बंद करायची राहून गेली, हे तपासले जाते. श्वासातून घ्यायचे औषध रुग्णाकडून प्रत्यक्ष घेववून पाहिले जाते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या तासाने करावा आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी, अशा लहान वाटणाऱ्या परंतु औषधाचा गुण ठरवणाऱ्या गोष्टी समजावल्या जातात. शंका आढळल्यास फार्मासिस्ट ती डॉक्टरांना कळवतो. निदान करणे किंवा स्वतःच्या मनाने औषध बदलणे हे त्याचे काम नव्हे. ती मर्यादा त्याने पाळायची आणि आपणही त्याच्याकडून तसा आग्रह धरायचा नाही.

आता आपल्या समाजाला विशेष जवळच्या विषयाकडे वळतो. आपल्याकडे चौविहार आहे, नवकारशी आहे, एकासणे, आयंबिल, अठ्ठाई, वर्षीतप आहे. ही आपली शान आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "रात्री जेवणापूर्वी" एवढेच लिहिलेले असते. चौविहार करणारा श्रावक हिवाळ्यात सहाच्या आत जेवून मोकळा होतो. त्याने ग्लिमेपिराइडसारखी गोळी ठरल्या वेळी जेवणासोबत न घेता उपवासाच्या दिवशीही नेहमीप्रमाणे घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम येतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना तो तपाचा थकवा वाटतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तत्काळ साखर द्यावी लागते आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे लागते. डापाग्लिफ्लोझिन या औषधाने लघवीवाटे साखर व पाणी जाते. दीर्घ उपवासात त्यामुळे शरीर कोरडे पडण्याची आणि रक्तात आम्ल साचण्याची भीती असते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही सावधगिरी हवी.

यावर उपाय तप सोडणे हाच आहे, असे मी म्हणत नाही. पर्युषणाच्या दोन-तीन आठवडे आधी तपस्वींची औषधे फार्मासिस्टने पाहावीत, डॉक्टरांनी मात्रा व वेळा ठरवून द्याव्यात आणि ज्यांना उपवास झेपणार नाही त्यांना ते वेळीच सांगावे. आपल्या पच्चक्खाणांतही समाधी टिकवण्यासाठी औषध घेता यावे म्हणून आगार ठेवलेले आहेत. शास्त्रकारांनी माणसाच्या देहाचा विचार केला होता. कोणता आगार कोणी घ्यावा, हे गुरुमहाराजांना विचारूनच ठरवावे. परंतु त्यांच्यासमोर औषधांची खरी माहिती ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न जयणेचा. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. हे कळताच काही श्रावक औषधच बंद करतात, तर काही कॅप्सूल फोडून भुकटी घेतात. दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात, कारण काही औषधे आतड्यात हळूहळू सुटावीत अशीच बनवलेली असतात. तेच औषध गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूलमध्ये मिळते का, हे शोधून डॉक्टरांना सुचवणारा जाणकार जवळ असेल, तर धर्म आणि आरोग्य यांत निवड करण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही.

विहारात असलेल्या पूज्य साधू-साध्वीजींचा विचार तर आपण अग्रक्रमाने केला पाहिजे. गावोगावी नवे डॉक्टर आणि नवी चिठ्ठी. प्रत्येक महाराजसाहेबांची औषधे, मात्रा, न मानवणारी औषधे यांचे एकच कार्ड तयार करून पुढच्या संघाकडे पोहोचवणे, ही फार मोठी वैयावच्च ठरेल.

बाह्यरुग्ण विभागात येऊ न शकणाऱ्यांसाठी फार्मासिस्टने घरी गेले पाहिजे. घरी गेल्यावर जे दिसते ते दवाखान्यात दिसत नाही. डब्यात मुदत संपलेल्या गोळ्या असतात. महिन्यापूर्वी उघडलेले डोळ्यांचे थेंब असतात. इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्यात गोठलेली असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, गोठू मात्र द्यायचे नाही. ठाकर-कातकरी वाडीवरच्या घरात फ्रीज नसेल, तर ओलसर मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा रीतीने ठेवण्याचा मार्ग सांगता येतो. अक्षर न वाचणाऱ्या माउलीला सूर्य-चंद्राची चित्रे काढलेली पाकिटे देता येतात. अनुकंपादान जैन-अजैन भेद मानत नाही. म्हणून ही सेवा कोंडाण्यापासून डोंगरपायथ्याच्या शेवटच्या घरापर्यंत जावी.

ही कल्पना हवेतील नाही. ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरांच्या शिफारशीने फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन औषधांचा आढावा घेतो आणि त्याचा खर्च सरकार देते. आपल्या लोकल मार्गावरील उल्हासनगरच्या के. एम. कुंदनानी फार्मसी पॉलिटेक्निकमध्ये अध्यापन केलेल्या प्रा. मंजिरी घरत यांनी इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या वतीने मुंबईत औषध-दुकानांतील फार्मासिस्टना क्षयरोगाच्या डॉट्स उपचारात सहभागी करून घेतले. त्या कामाचा वृत्तांत २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेजारच्या दुकानातील माणूस रुग्णाचा आधार होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी. आठवड्यातून दोन सकाळी बाह्यरुग्ण विभागात आणि एक दुपार घरभेटींसाठी, अशी एका शिक्षित फार्मासिस्टची सवेतन नेमणूक एक वर्षासाठी करावी. रुग्णाची माहिती गोपनीय राहावी. कोणत्याही कंपनीचे वा दुकानाचे कमिशन या कामात येऊ नये. वर्षअखेरीस किती रुग्णांची औषधे तपासली, किती चुका वेळीच सापडल्या आणि डॉक्टरांनी किती बदल स्वीकारले, याचा ताळेबंद सभेपुढे ठेवावा. तो पटला तरच सेवा पुढे चालू ठेवावी. दात्यांनीही औषधांच्या खोक्यांसोबत या वेतनाचा वाटा उचलावा. खोक्यावर दात्याचे नाव दिसते, समजावून सांगितलेल्या चार शब्दांवर ते दिसत नाही. पण पुण्याचा जमाखर्च नावावर चालत नाही, हे आपण जाणताच.

औषध हातात आल्याने रुग्णाची भीती संपत नाही. ते कधी, कसे आणि का घ्यायचे हे कळले म्हणजे ती ओसरते. औषधदानाला ज्ञानदानाची जोड मिळाली की त्यातूनच अभयदान घडते. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांना या त्रिवेणी दानाचा लाभ व्हावा, ही प्रभूचरणी प्रार्थना करून मी माझे भाषण पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.