जंगलाची वही गावातच राहिली पाहिजे

(ग्रामसभा कार्यकर्त्यांच्या शिबिरात मांडलेले भाषण)



आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं. आमच्याकडे विषय दिला आहे 'जैवविविधतेचं संशोधन'. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजचीच. मोह कुठे जास्त पडतो, चार कोणत्या टेकडीवर पिकते, मासे कोणत्या डोहात अंडी घालतात, मे महिन्यात कोणता झरा टिकतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. फरक एवढाच की तुमचं ज्ञान डोक्यात आहे आणि साहेबाचं कागदावर. सरकार आणि कोर्ट तर कागदच पाहतात.

कोणी म्हणेल, शिकलेल्यांचंच खरं असेल ना? त्याच्यावर एक गोष्ट सांगतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला कागदाचा कारखाना आहे. त्याला सरकारने बांबू दिला, टनाला दीड रुपया भावाने. बुरुडाला मात्र बाजारभावाने घ्यावा लागे. पुढे बांबू संपत चालला आणि दोष गावकऱ्यांवर आला. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सोबत्यांनी जंगलात फिरून याचा अभ्यास केला. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असते. ते साफ केलं की बांबू चांगला वाढतो, असं वनखातं धरून चाललं होतं. गावकरी म्हणत होते, "काटे काढले की नवे कोंब उघडे पडतात, जनावरं खाऊन टाकतात." मोजून पाहिल्यावर गावकऱ्यांचंच म्हणणं खरं निघालं. ज्यांना आपल्यासारखंच 'अडाणी' म्हणत होते, त्यांचं!

दुसरी गोष्ट केरळची. 1987 साली अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञ फिरत होते. वाट दाखवायला काणी आदिवासी होते. शास्त्रज्ञ थकून गेले, काणी थकेनात. ते एका झाडाची फळं खात होते. खूप विचारल्यावर त्यांनी ते झाड दाखवलं. तेच आरोग्यपच्चा. त्याच्यापासून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं. 1995 मध्ये ते बनवायचा परवाना एका कंपनीला दिला, दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के या बोलीवर. त्यातला अर्धा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरलं. आपल्या देशात ज्ञानाचा वाटा आदिवासीला मिळाल्याचं हे गाजलेलं उदाहरण आहे. पण पुढे तीच वनस्पती जंगलातून आणायची म्हटली तर वनखातं आडवं आलं. ज्ञान काणींचं, जंगल खात्याचं! म्हणून आम्ही म्हणतो, ज्ञानाचा हक्क आणि जंगलाचा हक्क वेगळा करता येत नाही.

आता आपल्याकडे दोन कायदे आहेत. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याच्यात गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. दुसरा वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या कलम 3 मध्ये जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहिलेला आहे. कलम 5 मध्ये जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

आणि नियम 13 नीट वाचा. सामूहिक हक्काला पुरावा काय लागतो? कंदमुळं आणि रानफळं गोळा करायची जागा, चराई, मासेमारीची जागा, पाण्याचे झरे, वैदू जिथून औषधी आणतो ती जागा, देवाची झाडं, देवराई, मसणवट. म्हणजे आपण जंगलाची वही नीट लिहिली तर तीच दाव्याचा पुरावा होते. आणि ती बाहेरच्या माणसाने दोन दिवसांत लिहून नेली, तर पुरावा त्याच्या कपाटात आणि दावा आपला रिकामा.

म्हणून ग्रामसभेपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक : कोणीही संशोधक आला तर आधी ग्रामसभेत येऊन सांगावं, काय पाहिजे, कशासाठी पाहिजे, पैसा कोणाचा. हो किंवा नाही ग्रामसभा ठरवेल.

दोन : लिहिलेल्याची एक प्रत मराठीत गावात राहील. माहिती सांगणाऱ्या गावाचं नाव त्याच्यात असेल.

तीन : वैदूचं औषध वैदूचंच. झाडाचं नाव लिहू, पण कोणता भाग, किती, कशासोबत, हे त्याच्या संमतीशिवाय वहीत चढणार नाही.

चार : जे कमी झालं तेही लिहू. फांदी तोडून चार काढली जाते तिथे पुढच्या वर्षी काय होते, विष टाकलेल्या डोहात किती मासे उरतात, मोहाखाली आग लावली त्या बाजूला नवी रोपं दिसतात का. आपल्याला सोयीचं तेवढंच लिहिलं तर ती वही नाही, अर्ज झाला.

हे होत नाही असं कोणी म्हणू नका. आपल्याच गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावात वर्षानुवर्षं अभ्यास गट बसतो, निर्णय सर्वसहमतीने होतो. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा पास मिळेना. त्यासाठीही भांडावं लागलं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथे आधी अभ्यास होता, मग हक्क आला. हक्क आल्यावर राखायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या ग्रामसभेपर्यंत प्रत्येक गावाने एक दोनशे पानी वही आणावी. पोरांनी लिहावं, आयांनी सांगावं, सयान्यांनी सोबत जंगलात चालावं. पहिल्या पानावर फक्त पाण्याच्या जागा लिहा, त्यांच्या आपल्या नावांसकट. लिहून झालं की ग्रामसभेत मोठ्याने वाचा. चुकलं असेल तिथे म्हातारी आजी उठून सांगेल. तेच आपलं तपासणी मंडळ.

जोहार!