चंद्रावर उतरणारे यान

(मंडळाच्या वार्षिकोत्सवात वाचलेले भाषण)



चंद्रावर उतरणारे यान कसे घडवितात, हा विषय शास्त्रज्ञांचा खरा. पण त्यातील मर्म आपल्यालाही उमगण्यासारखे आहे. म्हणून आपल्या देशाच्या 'विक्रम' यानाविषयी चार शब्द सांगते.

चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथे हवा नाही, त्यामुळे हवाई छत्री उघडून अलगद उतरण्याची सोय नाही. यान चंद्राभोवती ताशी सुमारे सहा हजार किलोमीटर वेगाने फिरत असते. इंजिने उलट दिशेने चालवून तो वेग मारावा लागतो. येथून हुकूम पोहोचायला सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागतो, म्हणून उतरताना प्रत्येक निर्णय यानाचा यानालाच घ्यावा लागतो. चुकले तर धावून जाणारे कोणी नाही.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पहिले विक्रम यान चंद्रावर आदळले. साऱ्या देशाला हळहळ वाटली. त्या चांद्रयान-२ मोहिमेच्या प्रकल्प-संचालक मुथय्या वनिता व मोहीम-संचालक रितू करिधाल या दोघी स्त्रियाच होत्या. पुढे कारणे शोधली गेली. इंजिनांचा जोर अपेक्षेहून थोडा अधिक पडला, चूक साठत गेली, आणि ती सावरण्यासाठी यानाला जितके झपाट्याने वळावयास हवे होते तितके वळता आले नाही. उतरण्याची जागाही अर्धा किलोमीटर लांब-रुंद, एवढीच नेमून दिलेली होती.

मग दुसरे यान घडविताना शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. 'सारे नीट झाले तर यान कसे उतरेल?' असे न विचारता, 'काय काय बिघडेल, आणि तरीही ते कसे उतरेल?' असे विचारले. पाचवे इंजिन काढून चारच ठेवली. त्यांतील दोन बंद पडली तरी उतरता यावे, अशी योजना केली. इंधन वाढविले, त्यामुळे १,४७१ किलोंचे यान १,७५० किलोंच्या घरात गेले. आधीचे पाय सेकंदाला दोन मीटर वेगाचा धक्का सोसणारे होते. नवे तीन मीटरचा सोसतील असे केले. लेसर किरणांनी वेग मोजणारे नवे उपकरण बसविले. उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद धरली. चंद्रावरल्यासारखी माती तयार करून तिच्यावर पाय आदळून पाहिले.

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून यान निघाले आणि २३ ऑगस्टला, तिन्हीसांजेच्या सहा वाजून चार मिनिटांनी, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला टेकले. या वेळी सहप्रकल्प-संचालक होत्या कल्पना काळहस्ती.

भगिनींनो, घरात लग्नकार्य निघाले की चार पाने जास्तीची धरूनच आपण स्वयंपाक करतो. त्याला कोणी अभद्र बोलणे म्हणत नाही. पण एखादे काम फसले की कोणाचे चुकले याचीच चर्चा चालते, काय चुकले ते तसेच राहते. त्या मंडळींनी काय चुकले ते शोधले, अन् चार वर्षांत पुन्हा चंद्र गाठला. आपल्या मंडळाच्या कामातही एवढे साधले तरी पुष्कळ झाले.